वाचक विचारतात: ऑप्टोमेट्रिस्ट नेमकं काय करतात?

डोळे तपासणारी माणसं कोण, त्यांच्याकडे कशासाठी जायचं आणि कशासाठी जायचं नाही, हाच प्रश्न या वेळच्या बहुतेक पत्रांत वेगवेगळ्या शब्दांत आला आहे. म्हणून हे सदर सबंध याच विषयाला दिलं आहे.

प्रश्न: चष्म्याच्या दुकानात काचा बसवणारे, ऑप्टोमेट्रिस्ट आणि डोळ्यांचे डॉक्टर हे तिघं वेगळे असतात का? आधी कोणाकडे जावं?

वेगळे असतात. नेत्रतज्ज्ञ हे वैद्यकीय पदवीनंतर डोळ्यांच्या शाखेचं पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, डोळ्याच्या आतल्या पडद्याचं ऑपरेशन, डोळ्यात द्यायची इंजेक्शनं ही त्यांची कामं. ऑप्टिशियन लिहून दिलेल्या नंबरवरून चष्मा घडवतात: फ्रेम निवडायला मदत करणं, मापं घेणं, काचा घासून बसवणं, चष्मा नाकाकानांवर नीट बसेल असा वाकवणं. ऑप्टोमेट्रिस्ट दृष्टीची आणि डोळ्याची तपासणी करतात. नंबर काढतात, चष्मा आणि कॉन्टॅक्ट लेन्स देतात, दोन्ही डोळे मिळून नीट काम करतात का ते पाहतात, काचबिंदू किंवा पडद्याचे आजार यांच्या खुणा शोधतात आणि गरज असेल तिथे वेळेवर डॉक्टरांकडे पाठवतात. त्यासाठी तीन-चार वर्षांचं पदवी शिक्षण आणि प्रत्यक्ष रुग्ण तपासण्याचा सराव लागतो. काही देशांत आधी एक पदवी आणि त्यानंतर आणखी चार वर्षं अशी रचना आहे.

त्यांच्या अधिकारांची हद्द देशागणिक बदलते. ब्रिटनमध्ये जादा पात्रता मिळवलेल्या ऑप्टोमेट्रिस्टना डोळ्यांची औषधं लिहून देता येतात. अमेरिकेच्या काही राज्यांत ठरावीक लेझर उपचारही त्यांच्या कक्षेत आहेत. उलट अनेक देशांत त्यांना तपासणीसाठीचे थेंब टाकायचीही मुभा नाही. तुम्ही राहता तिथे कायदा काय सांगतो, हे त्यांनाच मोकळेपणी विचारा. विचारण्यात काही गैर नाही.

डोळा लाल नसेल, दुखत नसेल आणि एकाएकी काही बदललं नसेल, तर पहिली तपासणी ऑप्टोमेट्रिस्टकडे करून घेणं सोयीचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या दृष्टिविषयक अहवालानुसार जगात किमान २२० कोटी लोकांना दृष्टीचा काही ना काही अडसर आहे. त्यातल्या किमान १०० कोटींचा त्रास टाळता आला असता, किंवा त्यावर अजून इलाज झालेला नाही. त्यात साध्या चष्म्यावाचून अडलेले कितीतरी आहेत. इतक्या लोकांची पहिली तपासणी एकट्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी करायची म्हटली, तर ऑपरेशनला वेळ उरणार नाही.

प्रश्न: मशीनमध्ये डोळा लावला की एका मिनिटात नंबरची चिठ्ठी येते. मग पुढचा अर्धा तास “ही काच बरी की ती” कशासाठी?

चिठ्ठीवरचा नंबर ही सुरुवात असते. मशीन डोळ्यात प्रकाश टाकतं, पडद्यावरून परत आलेला प्रकाश मोजतं आणि अंदाज देतं. त्या क्षणी डोळा ताणलेला असेल, तर मायनस नंबर जास्त दाखवला जातो. मुलांच्या आणि तरुणांच्या बाबतीत हे हमखास घडतं. चिठ्ठीवरून थेट चष्मा केला, तर अक्षरं ठसठशीत दिसतात खरी, पण डोळ्याच्या आतला स्नायू दिवसभर आवळलेला राहतो आणि संध्याकाळी कपाळ दुखायला लागतं.

चांगली तपासणी बोलण्यातून सुरू होते: त्रास कधी होतो, काम कोणतं, किती अंतरावरून, आजार कोणते, औषधं कोणती. मग जुन्या चष्म्याचा नंबर लेन्सोमीटरवर मोजतात, कारण जुना नंबर माहीत नसताना दिलेला नवा नंबर अंगवळणी पडेल की नाही हे सांगता येत नाही. त्यानंतर प्रत्येक डोळ्याची नजर वेगवेगळी मोजतात.

पुढे रेटिनोस्कोप येतो. हातातल्या या छोट्या दिव्याची पट्टी बाहुलीवरून फिरवायची आणि आतून येणारी लालसर चमक कोणत्या बाजूला सरकते ते पाहायचं. चमक पट्टीच्या दिशेने सरकली तर प्लस काच वाढवायची, उलट सरकली तर मायनस. बाहुली एकदम भरून उजळते आणि सरकणं थांबतं, तिथे उत्तर. हे ६७ सेंटिमीटरवरून केलं तर आलेल्या आकड्यातून १.५० वजा करायचे, ५० सेंटिमीटरवरून केलं तर २.००. तान्ह्या बाळाचा किंवा बोलू न शकणाऱ्या माणसाचा नंबर काढायचा तो याच दिव्याने.

आता “ही की ती”. आधी मुद्दाम प्लस काच जास्त घालून नजर धूसर करतात, म्हणजे डोळ्याचा ताण सुटतो. मग पाव-पाव नंबरने खाली येतात. सिलिंडर, म्हणजे एकाच दिशेत लागणारा नंबर, तपासताना एक छोटी उलटसुलट फिरणारी काच, म्हणजे क्रॉस सिलिंडर, डोळ्यापुढे धरतात. तिने आधी ॲक्सिस, म्हणजे त्या नंबरची दिशा, ठरतो, मग पॉवर. सिलिंडर अर्ध्याने बदलला की गोल नंबर, म्हणजे सगळ्या दिशांना सारखा असणारा, पावाने उलट्या बाजूला सरकवावा लागतो. घाईत नेमकं हेच राहून जातं. लाल आणि हिरव्या पट्टीवरची अक्षरं दाखवतात तेव्हा हिरव्यावरची जास्त काळी दिसली, तर मायनस जास्त झाला असा संशय घ्यायचा. शेवटी +१.०० ची काच पुढे धरून नजर ६/१२ ते ६/१८ च्या आसपास घसरते का ते पाहतात (खालचा आकडा जितका मोठा, तितकी नजर कमी). घसरली नाही, तर कुठेतरी मायनस जास्त दिला गेला आहे.

दोन्ही डोळ्यांचा ताण समान करणं आणि जवळचं पाहणं यानंतर येतं. ४० सेंटिमीटरवर वाचायला डोळ्याला २.५० ची ताकद लागते, ६० सेंटिमीटरवरच्या संगणकाच्या पडद्याला साधारण १.६७ पुरते. म्हणून चाळिशीचा नंबर वयाच्या तक्त्यावरून देणं चुकीचं. शिंप्याचं अंतर वेगळं आणि तबल्यासमोर वही ठेवणाऱ्याचं वेगळं. तुमचं काम किती अंतरावर असतं, हे घरून फूटपट्टीने मोजून गेलात तर फार उपयोग होतो.

आणि काही सुचलं नाही तर “दोन्ही सारख्याच दिसतात” हेही बरोबर उत्तर आहे. दोन्ही काचा सारख्या वाटतात तेच क्रॉस सिलिंडरचं शेवटचं टोक असतं.

प्रश्न: नवा चष्मा घातला की जमीन वर आल्यासारखी वाटते, डोकं जड होतं. “सवय होईल” असं सांगितलं. किती दिवस थांबायचं? नंबर चुकला असेल का?

सिलिंडर नव्याने आला असेल किंवा ॲक्सिस बदलला असेल, तर जमीन कललेली वाटणं साहजिक आहे. चष्मा दिवसभर वापरून एक-दोन आठवड्यांत हे बसतं. दोन आठवड्यांनंतरही त्रास तसाच असेल, तर सवयीवर ढकलू नका, चष्मा घेऊन परत जा. वस्तू दोन दिसत असतील तर दोन दिवसही थांबू नका.

पुष्कळदा नंबर बरोबर असतो, चूक चष्म्यात असते. तपासायच्या जागा या.

पहिली, ॲक्सिस. सिलिंडरची काच जेवढी फिरलेली बसेल तेवढा नंबर वाया जातो: ५ अंशांनी फिरली तर सिलिंडरचा साधारण सहावा भाग, १० अंशांनी एक तृतीयांश, ३० अंशांनी पूर्णच. तुमचा सिलिंडर ०.७५ असेल तर १० अंशांची चूक पाव नंबरएवढी, एखाद्याला जाणवणारही नाही. पण ३.०० असेल तर त्याच चुकीने एक आख्खा नंबर अंगावर येतो. गोल फ्रेममध्ये काच सैल बसली की ती हळूहळू फिरते, हेही लक्षात असू द्या.

दुसरी, पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर. समजा तुमचा नंबर −६.०० आहे, पीडी ६२ मिलिमीटर आहे आणि काचांचे मध्य ६८ वर बसवले गेले. प्रत्येक डोळा मध्यापासून ३ मिलिमीटर आत पाहतो. सेंटिमीटरमधलं अंतर गुणिले नंबर हा हिशेब: ०.३ × ६ = १.८ प्रिझम (काच प्रकाश किती बाजूला वळवते त्याचं माप) एका डोळ्याला, दोन्ही मिळून ३.६. मायनस काचेत हा प्रिझम डोळ्यांना बाहेरच्या बाजूला ओढायला लावतो, आणि डोळ्यांना बाहेर वळून धरणं जड जातं. उभ्या दिशेतली चूक तर त्याहून वाईट. एका काचेचा मध्य दुसरीपेक्षा २ मिलिमीटर वर असला, तरी या नंबरला १ प्रिझमच्या वर फरक पडतो आणि डोकं धरतं. एक-दीड नंबरच्या चष्म्यात हीच चूक पचून जाते, म्हणून जास्त नंबरवाल्यांनी पीडी दोनदा मोजून घ्यावा, शक्यतो प्रत्येक डोळ्याचा नाकापासून वेगळा.

तिसरी, प्रोग्रेसिव्ह काचेची, म्हणजे लांबचं वरून आणि जवळचं खालून दिसणाऱ्या एकाच काचेची, उंची. हे माप फ्रेम चेहऱ्यावर नीट बसवल्यानंतरच घ्यायची असते. माप घेऊन झाल्यावर फ्रेम वाकवली तर मापाला अर्थ राहत नाही. वाचायला हनुवटी खूप वर करावी लागत असेल, तर काच खाली बसली आहे. समोर पाहताना धूसर दिसून मान खाली घालावी लागत असेल, तर वर बसली आहे.

या तिन्ही गोष्टी लेन्सोमीटर आणि पट्टी घेऊन दहा मिनिटांत तपासता येतात. नंबर पुन्हा काढण्याआधी आग्रह याचाच धरा.

प्रश्न: माझ्या मुलाची नजर ६/६ आहे, तरी वाचताना ओळी सरकतात, डोकं दुखतं म्हणतो. बहाणा तर नसेल?

बहाणा समजू नका. ६/६ चा अर्थ एवढाच की ६ मीटरवरून साधारण ८.७ मिलिमीटर उंचीचं अक्षर ओळखता येतं. हेर्मान स्नेलेन या डच नेत्रतज्ज्ञाने १८६२ मध्ये हा तक्ता केला, आणि तो लांबच्या, स्थिर, ठळक अक्षरांपुरताच बोलतो. हातभर अंतरावरच्या पुस्तकावर दोन डोळे किती वेळ एकत्र टिकतात, हे त्यातून कळत नाही.

त्यासाठी वेगळ्या चाचण्या आहेत. पेनाचं टोक हळूहळू नाकाकडे आणायचं. साधारण ६ सेंटिमीटरपर्यंत ते एकच दिसायला हवं. १० सेंटिमीटरच्या अलीकडे येण्याआधीच दोन दिसत असेल किंवा एक डोळा बाहेर सरकत असेल, तर डोळे आत वळण्याची ताकद कमी आहे. डोळा आळीपाळीने झाकून तिरळेपणाचा छुपा कल मोजतात, जवळचं आणि लांबचं झटपट बदलून पाहायला लावतात, लपलेला प्लस नंबर शोधतात. उपाय म्हणजे काही आठवड्यांचा व्यायाम. घरी नुसतं पेन्सिलकडे पाहण्यापेक्षा तज्ज्ञांच्या देखरेखीखालचा व्यायाम, जोडीला घरचा सराव, जास्त गुण देतो. मात्र वाचनातली प्रत्येक अडचण डोळ्यांचीच असते असं नाही. डोळ्यांत काही सापडलं नाही, तर शिकण्यातल्या अडचणींची तपासणी वेगळी करून घ्या. व्यायामाने ती जात नाही.

प्रश्न: मुलीला थेंब टाकून तपासायचं म्हणतात. गरज असते का? आणि तिचा मायनस नंबर दरवर्षी वाढतोय, तो थांबवता येतो का?

थेंबांची गरज असते. मुलांचा डोळा इतका लवचीक असतो की तपासणीच्या क्षणी तो स्वतःच नंबर बदलतो. सायक्लोपेन्टोलेटसारखे थेंब हा स्नायू थोडा वेळ सैल करतात. थेंब टाकल्यावर ३० ते ४० मिनिटांनी तपासतात. त्या दिवशी जवळचं धूसर दिसेल, उन्हात डोळे दिपतील. ॲट्रोपिनचे थेंब वापरले तर हा परिणाम कितीतरी दिवस राहतो, त्यामुळे परीक्षेचा आठवडा टाळा.

नंबर वाढतो म्हणजे डोळा लांबीने वाढतो. मोठ्या माणसाचा डोळा साधारण २४ मिलिमीटर लांब असतो. तो १ मिलिमीटर जास्त वाढला की सुमारे अडीच नंबर पडतो. आलेला नंबर मागे जात नाही, पण वाढीचा वेग कमी करता येतो. यासाठी खास घडणीच्या चष्म्याच्या काचा आहेत, दिवसा घालायच्या मल्टिफोकल मऊ लेन्स आहेत, रात्री घालून सकाळी काढायच्या कडक लेन्स आहेत आणि अगदी सौम्य ॲट्रोपिनचे थेंब आहेत, ०.०१ ते ०.०५ टक्क्यांचे. कोणता उपाय कोणत्या मुलीला, हे वय, नंबर, आईवडिलांचे नंबर आणि डोळ्याची लांबी पाहून ठरतं. दर सहा महिन्यांनी लांबी मोजून उपाय चालतोय का ते बघायचं. ज्यांना अजून नंबर लागलेला नाही अशा भावंडांनी रोज दोनेक तास घराबाहेर, उघड्यावर काढले, तर नंबर लागणं लांबतं.

एक समजूत काढून टाका. कमी नंबरचा चष्मा दिल्याने वाढ थांबत नाही. पूर्ण नंबर द्या आणि तो घालू द्या.

एकदा नंबर उणे सहापर्यंत गेला की प्रश्न चष्म्याच्या जाडीचा राहत नाही. पडदा सुटणं आणि काचबिंदू यांची शक्यता वाढते. म्हणून लहानपणीच वेग आवरायची एवढी धडपड.

प्रश्न: आळशी डोळ्यासाठी पट्टी दिवसात किती तास लावायची?

आळशी डोळा म्हणजे लहानपणी नीट वापरात न आल्यामुळे नजर कमी राहिलेला डोळा. त्याला आधी चष्मा. योग्य चष्मा पूर्णवेळ घालून चार महिन्यांपर्यंत वाट पाहिली, तर काही मुलांची नजर पट्टीशिवायच सुधारते. त्यानंतर उरलेली कसर मध्यम असेल तर रोज २ तास आणि जास्त असेल तर ६ तास, ही नेहमीची मात्रा. पट्टी चांगल्या डोळ्यावर, थेट त्वचेवर. चष्म्याच्या काचेवर चिकटवली तर मूल कडेने बघतं आणि सगळे तास फुकट जातात. पट्टीच्या वेळात चित्र रंगवणं, मणी ओवणं असं बारीक काम द्या. सात-आठ वर्षांच्या आत फरक सर्वांत चांगला पडतो, पण त्याहून मोठ्या मुलांनाही प्रयत्न करून पाहावा.

प्रश्न: डोळ्याचं प्रेशर १८ आलं. म्हणजे काचबिंदू नाही असं समजायचं ना?

तेवढ्यावरून समजता येत नाही. १० ते २१ ही नेहमीची मर्यादा धरतात, पण प्रेशर दिवसभरात खालीवर होतं आणि २१ च्या आत असूनही काचबिंदू होतो. शिवाय मोजणी कॉर्नियाच्या, म्हणजे पुढच्या पारदर्शक पडद्याच्या जाडीवर अवलंबून असते. ती साधारण ५४० मायक्रॉन असते. कॉर्निया पातळ असेल तर उपकरण प्रेशर खरं आहे त्यापेक्षा कमी दाखवतं.

म्हणून ऑप्टोमेट्रिस्ट डोळ्यात मागे पाहून दृष्टिमज्जातंतूच्या तोंडाशी असलेला खळगा किती मोठा आहे आणि दोन डोळ्यांत सारखा आहे का, ते तपासतात. संशय आला तर कडेच्या नजरेची चाचणी आणि ओसीटी नावाचा स्कॅन करतात. आईवडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कोणाला काचबिंदू असेल, किंवा तुम्ही स्टिरॉइडचे थेंब बराच काळ वापरले असतील, तर हे विचारलं जाण्याची वाट न बघता स्वतःहून सांगा. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही आणि सुरुवातीला काहीच जाणवत नाही. नंबर काढायला आलेल्या माणसात तो सापडावा यासाठीच चष्म्याच्या तपासणीला ही तपासणी जोडलेली असते.

प्रश्न: मधुमेह आहे. महिन्यात दोनदा नंबर वेगळा आला. कोणता खरा?

दोन्ही त्या त्या दिवसापुरते खरे. साखर वाढली की डोळ्यातलं भिंग बदलतं आणि नंबर सरकतो. उपचाराने साखर उतरली की पुन्हा सरकतो. साखर स्थिर होऊन महिना-दीड महिना झाल्याशिवाय नवा चष्मा करू नका. तोवर कामापुरता जुना वापरा.

पडद्याची तपासणी मात्र थांबवू नका. टाइप २ चं निदान झालं त्याच वेळी एकदा, टाइप १ असेल तर पाच वर्षांच्या आत, आणि पुढे दरवर्षी, थेंबांनी बाहुली मोठी करून. नजर ६/६ असतानाही पडद्यावर रक्ताचे ठिपके असू शकतात. “मला चांगलं दिसतं” म्हणून तपासणी टाळली तर उपचाराची सोपी वेळ निघून जाते. थेंबांनंतर चार-सहा तास धूसर दिसतं, गाडी चालवू नका.

प्रश्न: चष्म्याचाच नंबर देऊन कॉन्टॅक्ट लेन्स मागवल्या तर काय बिघडतं?

चष्मा डोळ्यापासून सुमारे १२ मिलिमीटर पुढे असतो, लेन्स डोळ्यावर. त्यामुळे साधारण चारच्या पुढचा नंबर बदलतो: चष्म्यात −६.०० असेल तर लेन्समध्ये −५.५० च्या आसपास, −८.०० असेल तर −७.२५. प्लस नंबर उलट वाढतो. पण नंबर ही सोपी बाजू. लेन्स डोळ्याच्या गोलाईला बसते का, पापणी मिटल्यावर किंचित सरकते का, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं लागतं. मऊ लेन्स पापणीच्या उघडझापीबरोबर साधारण पाव ते अर्धा मिलिमीटर हलायला हवी. घट्ट लेन्स पहिल्या दिवशी सगळ्यांत आरामदायी वाटते, आणि तिच्याखाली अश्रू खेळत नाहीत म्हणून काही दिवसांनी डोळा लाल होतो.

हात साबणाने धुऊन कोरडे करा. लेन्स द्रावणात बोटाने चोळूनच ठेवा. डबीतलं जुनं द्रावण ओतून टाका, त्यातच नवं वाढवू नका. नळाचं पाणी लेन्सला आणि डबीला लागू देऊ नका. त्यातल्या अकांथअमीबा नावाच्या सूक्ष्मजीवाचा संसर्ग महिनोन्‌महिने छळतो. डबी उलटी ठेवून वाळवा, तीन महिन्यांच्या आत बदला. झोपताना लेन्स काढा. डोळा लाल झाला, दुखला किंवा उजेड सहन होईना, तर लेन्स लगेच काढा आणि त्याच दिवशी दाखवा. लेन्स आणि डबी फेकू नका, सोबत न्या. जंतू कोणता ते त्यावरून शोधता येतं.

प्रश्न: वडिलांच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मध्यभाग गेला आहे. डॉक्टरांनी “आता आणखी उपचार नाही” सांगितलं. चष्म्याचाही उपयोग नाही म्हणतात. खरंच काही करता येत नाही?

बरंच करता येतं, आणि या कामाची माहिती लोकांपर्यंत पोचत नाही याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं. याला लो व्हिजन सेवा म्हणतात. चांगल्या डोळ्याची नजर चष्म्यासह ६/१८ पेक्षा कमी असेल, तर तिचा विचार करायलाच हवा.

तिथे वडिलांना पहिल्यांदा विचारतील की काय करायचं आहे: औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचायचंय, नातवाचा चेहरा ओळखायचाय की पोथी वाचायचीय. प्रत्येक कामाला साधन वेगळं. नजर १ किंवा २ मीटरवरून मोठ्या अक्षरांच्या तक्त्यावर मोजतात, कारण “तक्ता दिसत नाही” एवढं लिहून काही ठरवता येत नाही. वाचनाच्या काचेचा पहिला अंदाज साधा आहे: नजरेच्या आकड्यातला खालचा अंक भागिले वरचा. म्हणजे ६/६० नजरेला सुमारे +१०.०० ची काच. ती वापरायची तर कागद १० सेंटिमीटरवर धरावा लागतो. नेमकी हीच गोष्ट न सांगितल्यामुळे अनेक भिंगं कपाटात पडून राहतात. माणूस सवयीने हातभर अंतरावर धरतो, काही दिसत नाही आणि “उपयोग नाही” म्हणून ठेवून देतो. इतक्या जवळ दोन्ही डोळ्यांनी वाचायचं तर काचेत प्रिझम घालावा लागतो. हात थरथरत असतील तर पायावर उभं राहणारं, दिवा असलेलं भिंग द्यायचं.

उजेडाचा हिशेब तर आज घरीच करून बघा. दिव्याचं पुस्तकापासूनचं अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो. छतावरचा बल्ब बदलण्यापेक्षा टेबलावरचा दिवा कागदाजवळ, चांगल्या डोळ्याच्या बाजूने आणि डोळ्यात झोत येणार नाही असा ठेवा. पांढऱ्या कपात दूध ओतताना काठ दिसत नाही, गडद कपात दिसतो. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडेला गडद पट्टी चिकटवा. मध्यभाग गेलेल्यांना किंचित बाजूला पाहून पडद्याचा शाबूत भाग वापरायला शिकवता येतं. त्याला काही बैठका लागतात, पण त्याने चेहरे ओळखायला मदत होते.

एक नाजूक गोष्टही सांगायला हवी. अशी नजर गेलेल्या काहींना नसलेल्या गोष्टी दिसतात: नक्षी, लहान माणसं, फुलं. दिसतं ते खरं नाही हे त्यांना कळत असतं, पण वेड लागलं म्हणतील या भीतीने ते बोलत नाहीत. याला शार्ल बोने सिंड्रोम म्हणतात. डोळ्याकडून माहिती कमी आल्यावर मेंदू स्वतः चित्रं रचतो, तो वेडाचा प्रकार नव्हे. वडिलांना हळुवारपणे विचारा. आवाजही ऐकू येत असतील किंवा दिसणारं खरं वाटत असेल, तर मात्र डॉक्टरांना सांगा.

प्रश्न: कोणत्या वेळी ऑप्टोमेट्रिस्टची भेट ठरवत न बसता थेट रुग्णालय गाठायचं?

एकाएकी नजर गेली, थोडा वेळ जाऊन परत आली तरी. डोळ्यासमोर विजा चमकू लागल्या, काळे ठिपके अचानक वाढले किंवा कडेने पडदा ओढल्यासारखं झालं. लाल डोळा, तीव्र दुखणं, उलटी आणि दिव्याभोवती रंगीत कडी. एकदम दोन दोन दिसणं, विशेषतः पापणी पडली किंवा एक बाहुली मोठी झाली असेल तर. मार लागणं, काही घुसणं. घुसलेली वस्तू ओढून काढू नका, डोळा दाबू नका, त्यावर कपडा गच्च बांधू नका.

डोळ्यात चुना, ॲसिड किंवा सफाईचं रसायन गेलं, तर रुग्णालयात पळण्याआधी धुणं. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर धुता धुता काढा. वर सांगितलेली नळाच्या पाण्याची मनाई इथे लागू नाही, जे स्वच्छ पाणी हाताशी असेल ते घ्या. पापण्या बोटांनी फाकवून, डोकं त्या डोळ्याच्या बाजूला कलवून, नाकाकडून बाहेरच्या दिशेने मंद धार किमान १५ ते २० मिनिटं, घड्याळ लावून. चुन्याचे कण पापणीखाली अडकले असतील तर ते ओल्या कापसाने टिपून घ्या आणि धुणं चालू ठेवा. मग दवाखाना गाठा, आणि रसायनाची बाटली किंवा पाकीट सोबत घ्या.